मारबत, बडगे आणि आपलं गाऱ्हाणं



पोळा आपल्याला कोणी शिकवायला नको. खांदेमळणी, बैलांची अंघोळ, शिंगांना बेगड, घरात पुरणाच्या पोळ्या, संध्याकाळी तोरणाखाली उभ्या बैलजोड्या. नेर तालुक्यातल्या कोणत्याही गावच्या बाईला हे सगळं पाठ आहे. पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे कर. विदर्भातल्या कित्येक गावांत त्या दिवशी पहाटे पोरं उठतात. दारादारात ठेवलेल्या पळसाच्या फांद्या गोळा करतात आणि ‘मारबती, हे घेऊन जा, ते घेऊन जा’ अशा आरोळ्या देत गावाच्या शिवेबाहेर नेऊन टाकतात. डास, ढेकूण, खोकला, ताप, सगळं त्या मारबतीच्या डोक्यावर. गाव मोकळं झालं असं मानून माणसं घरी परततात आणि कामाला लागतात.

ही मारबत शहरात गेली तेव्हा तिचं काय झालं, ते आज मी सांगणार आहे. शहर म्हणजे आपलं नागपूर. आपल्यापैकी कोणाची लेक तिथं दिली आहे, कोणाचा मुलगा तिथं कामाला आहे, कोणी दवाखान्यासाठी जाऊन आलं आहे. शहर म्हटलं की आपल्याला उंच इमारती, मोठे रस्ते आणि दुकानं आठवतात. पण शहरातल्या माणसाच्या मनात काय चाललंय, त्याला काय टोचतंय, हे कुठं कळतं? नागपुरात ते वर्षातून एक दिवस रस्त्यावर दिसतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीच्या मिरवणुकीत.

त्या दिवशी जुन्या नागपुरात, इतवारी आणि महालच्या भागात, पाय ठेवायला जागा नसते. माणसं गच्चीवर, गॅलरीत, दुकानांच्या पायऱ्यांवर उभी असतात. ढोलताशे वाजत असतात. आणि गर्दीच्या डोक्यांवरून मोठाले पुतळे डुलत येतात. दोन पुतळे मानाचे. एक काळी मारबत, एक पिवळी मारबत. काळ्या मारबतीची सुरुवात १८८१ सालची मानतात. पिवळी मारबत १८८५ पासून निघते. ती जागनाथ बुधवारी भागातल्या तऱ्हाणे तेली समाजाने सुरू केली. दोघी आपापल्या वस्तीतून निघतात आणि इतवारीत नेहरू पुतळ्याजवळ समोरासमोर येतात. ती भेट पाहायला सगळं शहर लोटतं. मग पुढे नेऊन त्यांना जाळतात.

साल लक्षात घ्या. पुण्यामुंबईकडे लोकमान्य टिळकांनी सार्वजनिक गणेशोत्सवाची चळवळ उभी केली ती १८९३ च्या सुमारास. त्याच्या दहा-बारा वर्षं आधी नागपूरची माणसं आपले पुतळे घेऊन रस्त्यावर उतरली होती. त्यामागे मोठा पुढारी नव्हता. वस्तीतल्या लोकांनी वर्गणी काढली, वस्तीतल्याच हातांनी पुतळा घडवला.

तो काळही आपण जरा समजून घेऊ. भोसल्यांचं राज्य १८५४ मध्ये इंग्रजांनी खालसा केलं होतं. १८६७ मध्ये नागपूरला रेल्वे आली. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. ही गिरणी नागपुरात का काढली? कारण कापूस जवळ पिकत होता. म्हणजे आपल्यासारख्यांच्या वावरातला कापूस. तेव्हा आपला वऱ्हाड आणि नागपूर एका कारभारात नव्हते, वऱ्हाड मध्यप्रांताला जोडला गेला तो १९०३ साली. पण कापसाला कारभाराची शीव आडवी येत नाही. शहर भराभर वाढत होतं, वस्त्या दाट होत होत्या. हातमागावर पोट भरणाऱ्या विणकरांच्या पुढ्यात गिरणीचं कापड येऊन पडलं होतं. पटकी आणि देवीसारख्या साथींची भीती कायम होती. वर परकं सरकार. अशा वेळी माणसाने बोलायचं कुठं? अर्ज लिहिता येत नव्हता, सभेत उभं राहण्याची सोय नव्हती. गावाकडची मारबत मात्र ठाऊक होती. तिलाच शहराने मोठं केलं, बांबूचं आंग दिलं, तोंड दिलं, रंग दिला.

मारबत बाई आहे. तिच्या मागून बाप्याचे पुतळे येतात, त्यांना बडगे म्हणतात. एक पुतळा असेल तर तो बडग्या. बांबूच्या कामट्या, तरट, कागद, जुने कपडे, रंग, एवढ्यावर बडग्या उभा राहतो. त्याच्या गळ्यात पाटी. पाटीवर मोठ्या अक्षरांत गाऱ्हाणं. मारबत दरवर्षी तीच, पण बडगे दरवर्षी नवे. रस्त्यातले खड्डे, विजेचं बिल, डेंग्यूचा डास, गॅस सिलिंडरचा भाव, बेरोजगारी, लाच, देशावर हल्ला करणारे अतिरेकी, दिलेला शब्द न पाळणारा पुढारी. ज्या वर्षी जे सलत असेल ते. स्त्रियांवरच्या अत्याचारांचा निषेध करणारे बडगेही अलीकडे निघाले आहेत. आजोबांच्या काळापासूनच्या पाट्या कोणी जपून ठेवल्या असत्या, तर नागपूरकरांना कोणत्या वर्षी काय दुखत होतं, याची वहीच आपल्या हाती आली असती.

चित्रकला, शिल्पकला म्हटलं की आपल्याला वाटतं, ते शिकलेल्या लोकांचं काम. तिकीट काढून पाहायचं. इथं तिकीट नाही. करणारा पोट भरायला दुसरंच काहीतरी काम करतो, पोळा जवळ आला की रात्री जागून पुतळा करतो. पाहणारा रिक्षावाला असतो, भाजीवाली असते, मंत्रीही असतो. आणि वस्तू टिकवायची नाहीच. महिनाभर खपून केलेलं एका दिवसात जाळायचं. आपली रांगोळी अशीच असते ना? सकाळी काढायची, संध्याकाळपर्यंत पायाखाली जाते. तरी कोणी म्हणत नाही की आज काढू नको.

आता तुम्ही म्हणाल, बाई, शहराच्या गोष्टी शहरात, आम्हाला त्यांचं काय? म्हणून २०२५ चं एकच उदाहरण देते. त्या वर्षी मारबत २३ ऑगस्टला निघाली. तिच्यात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांचा बडग्या होता. कारण अमेरिकेने भारतातून जाणाऱ्या मालावर एकूण ५० टक्के आयातशुल्क लावायचं जाहीर केलं होतं. इथला तयार कपडा, सुताचा माल तिकडे महाग पडणार होता. त्याच आठवड्यात, १९ ऑगस्टपासून, आपल्या सरकारने बाहेरून येणाऱ्या कापसावरचं ११ टक्के शुल्क काढून टाकलं. आधी ते सप्टेंबरअखेरपर्यंत सांगितलं, मग डिसेंबरअखेरपर्यंत वाढवलं. गिरण्यांना स्वस्त कापूस मिळावा म्हणून. आपल्या वावरात तेव्हा पराटी उभी होती आणि बोंडं फुटायची होती. म्हणजे नागपूरच्या चौकात ज्या गोष्टीवर माणसं हसत होती, टाळ्या वाजवत होती, ती आपल्या घरच्या कापसाच्या भावापर्यंत पोचणारी होती. शहराचं गाऱ्हाणं आणि गावाचं गाऱ्हाणं एका धाग्यातलं असतं. शहराने ते कागदाचं करून चौकात आणलं, एवढंच.

आणि गाव मुकं आहे असं कोणी समजू नये. आपल्याकडे झडत्या आहेत. पोळा फुटायच्या आधी तोरणाखाली एखादा गडी पुढे येतो, झडती म्हणतो, शेवटी सगळे महादेवाचा गजर करतात. त्या झडत्यांत काय नसतं? नापिकी असते, सावकार असतो, कापसाचा भाव असतो, सरकारला टोमणे असतात. शहराचा बडग्या डोळ्यांनी पाहायचा, गावची झडती कानांनी ऐकायची. दोन्हींचं काम एकच. जे एकट्याने बोलायला भीती वाटते ते सगळ्यांनी मिळून, हसत हसत, मोठ्याने बोलायचं.

इथवर ऐकून छान वाटतं. पण आता एक अवघड गोष्ट सांगायची आहे, आणि ती आपल्या बायांनीच एकमेकींत बोलायला पाहिजे.

काळी मारबत कोणाची? नागपुरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत, ती बाकाबाईची. बाकाबाईने इंग्रजांना साथ दिली, भोसल्यांचं राज्य बुडवलं, म्हणून तिचा काळा पुतळा करून जाळतात. दुसरी गोष्ट सांगतात ती पूतनेची, कृष्णाला विष पाजायला आलेली राक्षसीण. दोन्ही गोष्टींत दोषी बाईच. तेव्हा ही बाकाबाई कोण होती ते पाहू.

नागपूरचे राजे दुसरे रघुजी भोसले यांची ती राणी. १८१६ च्या मार्च महिन्यात रघुजी वारले. मुलगा परसोजी गादीवर आला, पण तो आजारी होता, त्याच्या हातून कारभार होण्यासारखा नव्हता. मग कारभार कोणी पाहायचा यावरून वाड्यातच तंटा लागला. रघुजींचा पुतण्या आप्पासाहेब याने कारभार हाती घेतला. आणि त्याच वर्षी मे महिन्यात इंग्रजांच्या कंपनीशी तह केला. त्याला तैनाती फौजेचा तह म्हणतात. फौज कंपनीची, खर्च नागपूरचा. ज्या तहाने इंग्रजांची पलटण भोसल्यांच्या दारात आणून बसवली, तो तह आप्पासाहेबाने केला होता.

पुढच्या वर्षी परसोजीचा मृत्यू झाला आणि आप्पासाहेब राजा झाला. मग मात्र तो इंग्रजांविरुद्ध उठला. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला सीताबर्डीच्या टेकडीवर मोठी लढाई झाली. तिच्यात भोसले हरले. १८१८ मध्ये इंग्रजांनी आप्पासाहेबाला गादीवरून काढलं आणि रघुजींच्या मुलीच्या मुलाला, एका लहान पोराला, तिसरे रघुजी म्हणून गादीवर बसवलं. पोर मोठं होईपर्यंत सांभाळ करायला बाकाबाईला नेमलं. राज्याची खरी दोरी रिचर्ड जेन्किन्स या इंग्रज रेसिडेंटच्या हातात होती. नवरा गेलेला, सैन्य हरलेलं, दारात पलटण, मांडीवर नातू. त्या बाईपुढे कोणत्या वाटा होत्या, याचा विचार तुम्हीच करा.

डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजी वारले. पोटी मुलगा नव्हता. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीने दत्तक मानला नाही आणि १८५४ मध्ये राज्य खालसा केलं. भोसल्यांचे हत्ती, घोडे, बैल विकायला काढले. जडजवाहीर कलकत्त्याला नेलं. त्या वेळी बाकाबाई म्हातारी झाली होती. वाड्यातलं सामान हलवलं तर वाड्याला आग लावीन, अशी धमकी तिने दिली होती, हे त्या काळच्या इंग्रज लिखाणातच नोंदलेलं आहे. राण्यांनी आपल्या हक्कासाठी इंग्रज सरकारकडे तक्रारीही केल्या. पुढे १८५७ चा उठाव झाला तेव्हा मात्र बाकाबाई उठावात गेली नाही, इंग्रजांच्या बाजूने राहिली. १८५८ मध्ये ती वारली.

ती निर्दोष होती असं मला म्हणायचं नाही. इंग्रजांशी जुळवून घेतलं ते तिने घेतलं. लोकांना त्याचा राग आला असेल तर तोही खोटा नाही. पण हिशेब मांडायचा तर पुरा मांडावा. तह करणारा पुरुष होता. राज्य गिळणारे पुरुष होते. १८५७ मध्ये गप्प बसलेले सरदार आणि जहागीरदार देशभर कितीतरी होते, तेही पुरुषच. त्यांचे पुतळे वर्षानुवर्षं जळत नाहीत. बाकाबाईचा मात्र तिच्या मरणानंतर दीड शतक उलटून गेलं तरी जळतो. तिने लेकराला सांभाळलं ते विसरलं गेलं, वाडा पेटवायला निघाली ते विसरलं गेलं, आणि फितुरी तेवढी राहिली.

हे शहरातच होतं असं नाही. घरात भांडण झालं की सुनेचा पायगुण आठवतो. पीक बुडालं, लेकरू आजारी पडलं, म्हैस आटली, की गावात कुठल्यातरी एकट्या बाईकडे बोटं वळतात. विधवा असेल, म्हातारी असेल, तिच्यावर करणीचा आळ येतो. असा आळ घेऊन छळणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तरीही बोट वळायला वेळ लागत नाही. रोगराईला बाईचं तोंड द्यायची ही सवय फार जुनी आहे. मारबत तिच्यातूनच आली आहे. म्हणून मारबतीचं कौतुक करताना एवढं डोळ्यांआड करू नये.

त्याच मिरवणुकीत पिवळी मारबतही असते, ते लक्षात ठेवा. तिला लोक देवी मानतात. बाया तिची पूजा करतात, लेकरांवरची पीडा घेऊन जा म्हणून हात जोडतात. एकाच रस्त्यावर एक बाई शिव्या खात जाते आणि दुसरी पूजा घेत जाते. मधली, साधी, आपल्यासारखी बाई त्या मिरवणुकीत कुठं असते? ती गॅलरीत असते. वरून पाहत असते.

आपल्या बायांनी आपलं दुःख सांगितलं नाही असं नाही. जात्यावर सांगितलं. भुलाबाईच्या गाण्यांत पोरींनी सासरच्या जाचावर हसत हसत बोट ठेवलं. पण जातं घरात, भुलाबाई अंगणात. चौकात बोलायचा मान बाप्यांचा. झडती गडी म्हणतो, बडग्या पोरं करतात. त्यामुळे चौकात आलेलं गाऱ्हाणंही बहुतेक वेळा पुरुषांना जे दिसतं तेवढंच असतं. रस्त्यातला खड्डा दिसतो. हंड्यासाठी केलेली पायपीट कमी दिसते. पेट्रोलचा भाव दिसतो. त्याच कामाची बाईला कमी मिळणारी मजुरी पाटीवर क्वचित येते. दारूचं तर विचारूच नका. यवतमाळ जिल्ह्यात दारूबंदीसाठी बायांनी मोर्चे काढले, उन्हातान्हात बसल्या. तेव्हा चौकात बाया होत्या. म्हणजे येता येतं, हे आपण दाखवून दिलेलं आहे.

म्हणून माझं एक सांगणं आहे. येत्या करीच्या दिवशी, किंवा त्याच्या आधीच्या बचत गटाच्या बैठकीत, आपला एक बडग्या करून पाहा. पैसा लागत नाही. जुनं पोतं, तुराट्या, पराट्या, फाटका सदरा, काळी हंडी. प्लॅस्टिक मात्र नको, जाळताना त्याचा धूर लेकरांच्याच नाकात जातो. वेळ लागेल तो पाटीवर काय लिहायचं हे ठरवायला. तिथंच खरं काम आहे. प्रत्येकीने एक गोष्ट सांगावी. मग सगळ्यांनी मिळून त्यातली एक निवडावी. ‘सगळंच वाईट आहे’ असं लिहिलं तर कोणालाच काही वाटत नाही. ‘आमच्या वस्तीत नळाला पाणी येत नाही’ असं लिहिलं की ज्याचं काम आहे त्याला बरोबर कळतं.

दोन पथ्यं पाळा. पहिलं, पुतळा कोणा बाईचा करू नका, आणि गावातल्या कोणा गरिबाचा, दुबळ्याचाही नको. जो आपल्यापेक्षा वर बसला आहे त्यालाच बडग्या शोभतो. दुसरं, पुतळा जाळला की काम संपलं असं समजू नका. नागपुरात खड्ड्यांचे बडगे किती वेळा जळाले असतील, खड्डे काही पुतळ्याबरोबर जळाले नाहीत. पाटीवरचं गाऱ्हाणं कागदावर उतरवा आणि ग्रामसभेत द्या. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद आपल्या राज्याच्या कायद्यात आहे, तिथं ते मांडा, ठराव लिहून घ्या, त्याची नक्कल मागा. हसणं चौकात, ठराव वहीत.

आणि पुढच्या वर्षी कोणी पोळ्याला लेकीकडे नागपूरला गेलात, तर इतवारीत मारबत बघायला जरूर जा. काळ्या मारबतीपुढे गर्दी ओरडत असेल, तेव्हा सोबतच्या लेकराला बाकाबाईची पुरी गोष्ट सांगा. तह कोणी केला तेही सांगा, वाडा पेटवायला कोण निघालं होतं तेही सांगा. मग मागून येणाऱ्या बडग्यांच्या पाट्या त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. शहर काय म्हणतंय ते त्यालाही कळेल, आपल्यालाही कळेल.

आपल्या गटाने पाटीवर काय लिहिलं ते आम्हाला जरूर कळवा.